आमची लाल प्लायमाउथ, जिचं इंजिन तिचं नाही

गॅस स्टेशनवर गाडी लावली की दर दुसऱ्या रविवारी कोणीतरी पांढऱ्या दाढीवाले आजोबा जवळ येतात, गाडीभोवती एक चक्कर मारतात, वाकून चाकं बघतात, बॉनेट उघडायला लावतात आणि मग विचारतात, "नंबर्स मॅचिंग?" मी म्हणतो, नाही. मग आपल्याकडे मुलगी बघायला आलेल्या लोकांना पत्रिकेत मंगळ आहे कळल्यावर चेहरे कसे होतात तसा चेहरा. "तरी छान आहे हां" म्हणून निघून जातात. त्या "तरी"ची आता सवय झालीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्याकडे १९६९ ची प्लायमाउथ रोड रनर आहे, दोन दरवाज्यांची हार्डटॉप (म्हणजे खिडक्यांच्या मध्ये खांब नसलेली), लाल. डॅशबोर्डवर काचेतून दिसते ती नंबराची पट्टी आरएम२३एच९ए अशी सुरू होते. त्यातला २३ म्हणजे टू डोअर हार्डटॉप, एच म्हणजे ३८३ क्युबिक इंचाचं जोरातलं इंजिन, ९ म्हणजे ६९ साल आणि ए म्हणजे डेट्रॉईटचा लिंच रोडचा कारखाना. म्हणजे आम्ही राहतो तिथून जेमतेम अर्ध्या तासावर जन्मलेली गाडी, आता तिथे गाड्या बनत नाहीत ते सोडा. तर १९६८ पासून क्रायस्लरवाले, म्हणजे प्लायमाउथ ज्यांची ती कंपनी, गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे इंजिनच्या ब्लॉकवरही ठोकायचे. ते आकडे जुळले की गाडी मॅचिंग नंबर आणि किमतीला भलता भाव. माझे जुळत नाहीत. इंजिन ३८३च आहे, पण कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीतून काढून यात बसवलंय. हेच ३८३ तेव्हा क्रायस्लरच्या मोठमोठ्या फॅमिली सेडानमध्ये आणि वॅगनमध्येही यायचं, त्यामुळे माझ्या गाडीचं हृदय एखाद्या चर्चला जाणाऱ्या काकूंच्या गाडीतलं असण्याची दाट शक्यता आहे.

आता ही रोड रनर काय भानगड आहे. साठच्या दशकात इथे मधल्या आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन कोंबायचं फॅड आलं, त्यालाच मसल कार म्हणतात, बाकी त्यात रॉकेट सायन्स काही नाही. पण ६७ पर्यंत या गाड्या महाग झाल्या, बकेट सीट्स, क्रोम, गालिचे, आणि ज्यांच्यासाठी त्या बनवल्या त्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांना परवडेनात. मग प्लायमाउथने उलटा विचार केला, सगळा साजशृंगार काढून टाका, पुढे सलग बाकडं ठेवा, खाली गालिच्याऐवजी रबराची मॅट टाका, आणि पैसे फक्त इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शनवर घाला. ३८३ ला मोठ्या ४४० इंजिनची हेड्स आणि कॅमशाफ्ट लावली, ३३५ हॉर्सपॉवर, आणि ६८ मध्ये बेस मॉडेलची किंमत २,८९६ डॉलर. गंमत म्हणजे नुसतं रोड रनर या कार्टूनचं नाव आणि चित्र वापरायला वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर दिले, आणि वर त्या पक्ष्यासारखा बीप बीप वाजणारा हॉर्न मुद्दाम करून घेतला. ६९ साली ८० हजारांहून जास्त गाड्या विकल्या. दरवाज्यावर अजून तो छोटा पक्षी धावतोय, आणि गल्लीतली पोरं मी गराजमधून निघालो की हाताने खूण करतात, वाजव वाजव.

ते ३३५ हॉर्सपॉवर मात्र जरा मीठ लावून घ्या. तेव्हा इंजिन स्टँडवर ठेवून, सायलेन्सर-बियलेन्सर न लावता मोजायचे. ७१-७२ च्या सुमाराला नेट, म्हणजे सगळं लावून, मोजायची पद्धत आली तेव्हा सगळ्यांचेच आकडे धाडकन खाली आले, त्यातच कॉम्प्रेशनही कमी केलं होतं, शिवाय इन्शुरन्सवाल्यांनी तरुण पोरांना नागवलं, धुराचे नियम आले, ७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि खेळ खलास. मी दिवसा इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, आमच्या ऑफिसच्या पार्किंगमधली कुठलीही साधी ईव्ही सिग्नलवर माझ्या गाडीला सहज मागे टाकेल. टाकू दे की.

घेतली कशी ते सांगतो कारण त्यात आमच्या बाप्पाचा हात आहे. एका रिटायर झालेल्या मशिनिस्टकडून घेतली, साधारण एका नव्या होंडा सीआरव्हीच्या पैशात. जाहिरातीत लिहिलेलं रिस्टोअर्ड. आता रिस्टोअर्ड हा शब्द म्हणजे आपल्याकडच्या "घरगुती चव" सारखा, कोणीही कशालाही लावतो. इथे रस्त्यावर हिवाळाभर मीठ टाकतात त्यामुळे मिशिगनच्या गाडीचा पत्रा आतून गंजून चाळण होतो, आणि मग लोक त्यावर लांबी (पुट्टी) भरून वरून चकाचक रंग मारतात. ते ओळखायचा सोपा उपाय म्हणजे मॅग्नेट फिरवायचा, पत्रा असेल तिथे चिकटतो, लांबी असेल तिथे घसरतो. निघताना घाईत फ्रिजवरचा दगडूशेठच्या गणपतीचा मॅग्नेट खिशात टाकला, रंगाला चरा नको म्हणून रुमालात गुंडाळला आणि त्या गृहस्थांच्या समोर गाडीवर बाप्पाला फिरवत बसलो. दरवाजे ठीक. पुढचे फेंडर ठीक. डावीकडे मागच्या चाकाच्या वर आले आणि बाप्पा पटकन खाली पडले. परत लावले, परत पडले. ते गृहस्थ हसले आणि स्वतःहून भावातून दीड हजार डॉलर कमी केले. ते अजून त्यांच्या मित्रांना काय सांगत असतील कोण जाणे.

इंजिनचंही त्यांनीच सांगितलं, लपवलं नाही. आणि खरं सांगू का, मला तेव्हा वाईट वाटलं होतं. दोन-तीन महिने मी अशा गाड्यांच्या ऑनलाइन फोरमवर वाचत बसायचो, मॅचिंग असती तर किती झाली असती, अमकं असतं तर किती. मागचं सीट काढून साफ करताना तर अजून एक प्रकरण निघालं. कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक कागद फिरायचा, या गाडीला काय काय लावायचं त्याचे कोड छापलेला, आणि काम झालं की कामगार तो बऱ्याचदा सीटच्या स्प्रिंगमध्ये खुपसून द्यायचे. माझ्या गाडीत तो सापडला, अर्धा. उरलेला अर्धा उंदरांनी खाल्ला होता. पण जे उरलं होतं त्यात रंगाचा कोड होता एफ८, म्हणजे आयव्ही ग्रीन, गडद हिरवा. म्हणजे गाडी लालही नाही मुळात! बायको म्हणाली, अरे मग तिचं आहे तरी काय तिचं?

पण मग एका कार शोला गेलो आणि तिथे एक माणूस अशीच गाडी घेऊन आला होता, सगळे नंबर जुळलेली, रंग कारखान्याचा, नटांवरच्या पेंटच्या खुणासुद्धा जशाच्या तशा. झाकलेल्या ट्रेलरमधून आणली, ढकलत उतरवली, दिवसभर शेजारी खुर्ची टाकून बसला आणि कोणी जवळ आलं की उठून उभा राहायचा. मी विचारलं किती चालवता. म्हणाला वर्षाला वीस-पंचवीस मैल, ट्रेलरवर चढवण्या-उतरवण्याचे धरून. मी माझी वाटेत आइस्क्रीम खात घरी घेऊन आलो, सीटवर सांडलं पण थोडं. त्या दिवसापासून तो फोरम बंद केला.

म्हणून मी तिला हिस्टॉरिक नंबर प्लेटही घेतली नाही. मिशिगनमध्ये २६ वर्षांवरच्या गाडीला ती स्वस्तात मिळते, पण मग ऑगस्ट महिना सोडला तर गाडी फक्त प्रदर्शन, परेड, क्लबचे कार्यक्रम यालाच काढायची असा नियम आहे. मला दूध आणायला जायचं असतं. साधी प्लेट, साधा टॅक्स, एप्रिल ते ऑक्टोबर दर शनिवार-रविवार. मीठ रस्त्यावरून धुऊन जाईपर्यंत दोन चांगले पाऊस व्हावे लागतात, तोपर्यंत मी मृगाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्यासारखा खिडकीत उभा असतो.

चालू करणं हा पण एक विधी आहे. आठवडाभर उभी राहिली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं, इथेनॉल मिसळलेलं तर जास्तच लवकर, त्यामुळे आधी नुसता सेल्फ मारत राहायचा, सात-आठ सेकंद, थांबायचं, परत. मग अ‍ॅक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून सोडायचा, त्याने चोकची पाकळी बंद होते. मग चावी. एक खोकला. काही नाही. दुसऱ्यांदा एकदम पेट घेते आणि गराजमधल्या खिळ्यांच्या बरण्या खुळखुळायला लागतात, कच्च्या पेट्रोलचा वास, चोक बंद असल्यामुळे इंजिन जोरात ओरडत असतं, दोन मिनिटांनी पायाने हलकेच टिचकी मारली की आवाज उतरतो आणि मग तो घुडूप घुडूप असा ढेकर दिल्यासारखा ठेका सुरू होतो. सकाळी साडेसातच्या आत चालू करायची नाही असा शेजाऱ्यांशी आमचा अलिखित करार आहे.

चालवायला ती काही फार गुणी नाही. पॉवर स्टेअरिंग इतकं हलकं की एका बोटाने फिरतं आणि चाकं कुठे बघतायत ते कळतच नाही. ब्रेक चारही ड्रम, ११ इंची, पहिल्यांदा लावले की छान, डोंगर उतरताना चार वेळा लावले की पाय हवेत. डीपर पायाने मारायचा, बटण जमिनीवर. लिटरला चार-साडेचार किलोमीटर देते. ऑटोमॅटिक आहे, तीन गिअरची, आणि गिअरचा दांडा स्टेअरिंगवर, बाकडा सीट असल्यामुळे. पण बारा मैलांचा सरळ रस्ता, खिडक्या खाली, मधला खांब नसल्यामुळे सगळी बाजू मोकळी, आणि पाय जरा जास्त दाबला की कार्बोरेटरची मागची दोन तोंडं उघडतात तेव्हा बॉनेटखालून जो हवा ओढल्याचा आवाज येतो ना, हुऊऊ असा, तो ऐकायला मी आठवडाभर मीटिंगा सहन करतो.

आता बाबांचं. बाबा आयटीआय करून १९७० ला कुर्ल्याला प्रीमियरमध्ये लागले. तेव्हा तिथे मुख्य काम फियाटचं, पण त्याआधी, स्वातंत्र्याच्या सुमारापासून, वालचंद हिराचंदांच्या या कंपनीचा करार क्रायस्लरशी होता आणि डॉज, प्लायमाउथ, डिसोटो गाड्यांचे सुटे भाग बोटीने यायचे आणि कुर्ल्यात जोडले जायचे. बाबांना शिकवणारे जुने फिटर त्या गाड्या जोडलेले लोक. मला हे सगळं माहीत होतं पण कधी जुळवून बघितलं नव्हतं, म्हणजे मी गाडी घेतली ती डेट्रॉईटला राहतो म्हणून घेतली, कुर्ला डोक्यातही नव्हतं.

ते डोक्यात आलं चाकाचा बोल्ट तुटला तेव्हा. ब्रेक बघायला ड्रायव्हर साइडचं पुढचं चाक काढत होतो, नट हलेना. पान्ह्याला पाइप लावला, उभा राहिलो त्याच्यावर, कटकन बोल्टच तुटला. रात्री डोंबिवलीला फोन केला तेव्हा सहज सांगितलं तर बाबा एकदम गप्प, मग म्हणाले, "डाव्या बाजूचं चाक होतं का रे?" हो. "उलटे आटे असतात डावीकडे. सोडवायला घट्ट करायच्या दिशेने फिरवायचं. बोल्टच्या डोक्यावर एल लिहिलेला असेल बघ." टॉर्च घेऊन गेलो. पन्नास वर्षांच्या ग्रीसखाली, चार बोल्टवर, एल. बाबा फोनवर हसत होते, "आमच्याकडे ट्रकवर पहिल्या आठवड्यात सगळे अप्रेंटिस तोडायचे. तू त्रेचाळिसाव्या वर्षी तोडलास."

त्याच उन्हाळ्यात आई-बाबा आले. बाबांनी गाडीकडे बघितलं, बसले, आणि स्टेअरिंगवरचा गिअर इतक्या सहज ओढला की मीच बघत राहिलो, फियाटची सवय. हॉर्न ऐकून मात्र हिरमुसले. "एवढं मोठं धूड आणि आवाज जत्रेतल्या खेळण्याचा?"

एका रविवारी त्यांना वुडवर्डवर नेलं. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू म्हणजे इथली पंढरीची वाट समजा. १९०९ मध्ये जिथे काँक्रिटच्या हायवेचा पहिला एक मैल घातला तो हाच रस्ता, साठच्या दशकात पोरं रात्री इथेच सिग्नल टू सिग्नल शर्यती लावायची आणि कंपन्यांचे इंजिनिअरही त्यात असायचे असं म्हणतात, आणि १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी ड्रीम क्रूझ भरते, फर्नडेल ते पाँटिअ‍ॅक नुसत्या जुन्या गाड्या. सुरुवात झाली होती फर्नडेलमध्ये मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे जमवायला. क्रूझच्या दिवशी मी जात नाही, ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं आणि माझंही डोकं. साधा रविवार बरा.

थर्टीन माइल रोडच्या जरा पुढे सिग्नलला गाडी बंद पडली. सेल्फ मारला, लगेच पेटली, चावी सोडली, बंद. परत मारला, पेटली, सोडली, बंद. चार वेळा तेच. मी धक्का मारून बाजूला घेतली, आई मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन शांत, मी फोन काढून शोधायला लागलो. बाबा खाली उतरले. "थांब जरा. चावी धरून ठेवलीस तोपर्यंत चालते, सोडलीस की मरते, बरोबर? म्हणजे सेल्फच्या वेळी कॉइलला करंट वेगळ्या वाटेने येतो आणि नंतर वेगळ्या. दुसरी वाट तुटलीय." बॉनेट उघडलं, मागच्या पत्र्यावर वायर धरून बोट फिरवत गेले आणि एका पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यापाशी थांबले, बोटाएवढा, दोन टोकांना दोन वायरी. बॅलास्ट रेझिस्टर. सेल्फ मारताना बॅटरीचा करंट थेट कॉइलला जातो म्हणजे ठिणगी जोरदार पडते, आणि इंजिन चालू झाल्यावर या तुकड्यातून कमी होऊन जातो म्हणजे कॉइल आणि ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट जळत नाहीत. माझा मध्येच तडकला होता. मीच गेल्या वर्षी ऑनलाइन सगळ्यात स्वस्त बघून मागवलेला, त्यामुळे कोणाला काही बोलायची सोय नाही.

"वायरचा तुकडा आहे?" मी चार्जिंगची केबल पुढे केली. "वितळेल ती." मग त्यांनी ग्लोव्ह बॉक्समध्ये हात घातला, आणि तिथून एक वीतभर जाड पिवळी वायर काढली, दोन्ही टोकांना क्लिपा लावलेली. ती वायर मी गाडी घेतल्यापासून तिथे पाहत होतो. दोनदा फेकायला काढलेली. त्या मशिनिस्टने ठेवली होती, याच कामासाठी बनवून, आणि मला वाटायचं कचरा आहे. बाबांनी दोन टोकं जोडली, मी चावी फिरवली, सोडली, चालूच राहिली. "आता सरळ घरी, हळू. थांबायचं नाही, पॉइंट जळतील." आईने विचारलं, म्हणजे डबा घरीच खायचा का.

घरी येताना मी त्यांना मॅचिंग नंबरचं सगळं पुराण सांगितलं, इंजिन तिचं नाही, रंग तिचा नाही, त्यामुळे किंमत निम्मीसुद्धा नाही वगैरे. बाबांना कळेचना. म्हणजे भाषा कळत होती, मुद्दा कळत नव्हता. "अरे आपल्याकडे टॅक्सीवाले तीन-तीन इंजिनं बदलायचे, आरटीओत जाऊन बुकावर नवा नंबर चढवायचा, शिक्का मारायचा, झालं. गाडी बदलली असं कोण म्हणतं?" मग थोड्या वेळाने, "आणि तो माणूस गाडी ट्रेलरवर घालून नेतो म्हणतोस. आजारी आहे का त्याची गाडी?"

नवा रेझिस्टर दोन दिवसांत आला, मी एक लावला आणि एक स्पेअर ग्लोव्ह बॉक्समध्ये, पिवळ्या वायरीच्या शेजारी. तुटका बाबांनी मागून घेतला. परत जाताना तो सॉक्समध्ये गुंडाळून बॅगेत, चॉकलेटं आणि बदामांच्या मध्ये. आता डोंबिवलीला शोकेसमध्ये ठेवलाय, माझ्या शाळेतल्या ढालीच्या पुढे. आई प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, अमेरिकेहून काय आणलं विचारा यांना.